तीन पायांचं गाढव

माझ्या नणंदेला अख्खा बाजार चेनताई म्हणतो. सोन्याच्या चेनशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ही बॅगेची चेन. जिन्याखालच्या जागेत त्यांचं दुकान आहे. आत जाड कापड शिवायचं एक काळं मशीन, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पट्टे आणि बकलं, बरण्यांमधून भरून ठेवलेले चेनचे लहानमोठे रनर, आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. त्या स्टुलावर बसलं की माणसाचे गुडघे मशीनला टेकतात. त्यामुळे कुणी फार वेळ बसत नाही, आणि वन्संना तेच हवं असतं.

मी त्यांना वन्सं म्हणते. लग्न होऊन घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या सुटकेसचं तुटलेलं हँडल बदलून ठेवलं होतं. मला विचारलं नव्हतं. काम इतकं सुबक होतं की तक्रार करायला जागाच नव्हती. पण जुन्या हँडलला माझ्या आईने गुंडाळून दिलेला सुती फडकं होतं, ते कचऱ्यात गेलं. मी नवी होते. नंतर कळलं की त्या सगळ्यांशीच अशा वागतात. तुटलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात, आणि ते तुटलेलं कुणाचं आहे हा प्रश्न दुरुस्तीनंतर येतो.

डब्यांचा खेळ त्यांच्या आयुष्यात आला तो एका पाठीवरच्या पिशवीतून. दातांच्या डॉक्टरकडे काम करणारी एक मुलगी पिशवी घेऊन आली होती. आतलं अस्तर फाटलं होतं. वन्संनी ते उसवलं तर आत लाकडाचं एक इवलंसं कासव घरंगळून पडलेलं. त्याच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. मुलगी आनंदाने म्हणाली, किती दिवस शोधत होते हे, आणि लगेच पुढे म्हणाली की हे माझं नाहीये.

वन्संनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "तुमच्या पिशवीत होतं, तुम्ही शोधत होतात, आणि तुमचं नाही?"

मग तिने गुडघे मशीनला टेकवून सगळं समजावलं. जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे. कुणीतरी एखादा झाकणाचा डबा सार्वजनिक जागी दडवून ठेवतं आणि ती जागा इंटरनेटवर जाहीर करतं. बाकीचे फोन घेऊन शोधत जातात. सापडला की आतल्या कागदावर सही करायची. डब्यात खेळणी, किचेन, गोट्या असं काहीबाही असतं. एखादं आवडलं तर घ्यायचं, बदल्यात आपलं काही ठेवायचं. ते घेतलं की आपलं झालं. पण बिल्ला असलेल्या वस्तूचं तसं नाही. तिला मालक असतो. त्याने तिला प्रवासाला सोडलेलं असतं. आपण तिला एका डब्यातून उचलायचं, दुसऱ्या डब्यात नेऊन ठेवायचं, आणि नंबर टाकून तसं कळवायचं. स्वतःकडे ठेवायची नाही.

वन्संच्या डोक्यात हे पक्कं बसलं, कारण त्यांचा धंदा तोच. दुकानात रोज दुसऱ्यांच्या वस्तू येतात, हातातून जातात, आपली एकही नसते. त्यांनी मुलीला विचारलं, मग त्या डब्याची काळजी कोण घेतं? ती म्हणाली, ज्याने ठेवला त्याने घ्यायची. घेतात का? त्यावर मुलगी नुसती हसली.

जवळचा डबा पाण्याच्या जुन्या टाकीमागे होता. वन्सं दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी बघायला गेल्या आणि चिडून परत आल्या. झाकण तडकलेलं, आत पाणी, कागदाचा लगदा, आणि एका प्लॅस्टिकच्या घोड्याला बुरशीची आयाळ फुटलेली. डब्याच्या मालकाला त्यांनी संदेश पाठवला. तो कधीच गाव सोडून गेला होता. त्याने लिहिलं, तुम्हीच घ्या डबा, मी सुटलो. संकेतस्थळावर डबा रीतसर वन्संच्या नावावर झाला. आमच्या घरात कुणाच्या नावावर स्थावर मालमत्ता होण्याची ती पहिलीच वेळ, असं हे म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान, वन्संचे धाकटे भाऊ.

मग काय विचारता. तंबूच्या कापडाची एक पिशवी शिवून झाली, तोंड गुंडाळून बकल लावायचं, म्हणजे आत थेंब जाऊ नये. तिच्यात नवा डबा. दर सुट्टीला वन्संची फेरी ठरलेली. डब्यातलं ओलं-मळकं सामान त्या घरी आणायच्या, धुवायच्या, आणि माझ्या कपड्यांच्या दोरीवर वाळत घालायच्या. ह्यांच्या शर्टांच्या मधे कानाला चिमटा लावलेला ससा, शेपटीला चिमटा लावलेली मगर. खालच्या मजल्यावरच्या आजी मला बाजूला घेऊन हळूच विचारून गेल्या की काही गोड बातमी आहे का.

लोक कळवायला लागले की टाकीमागचा डबा म्हणजे घरासारखा. आणखी दोन बेवारशी डबे वन्संच्या नावावर आले. त्यांचा उत्साह वाढला. आता त्या नुसतं धुवत नव्हत्या. उसवलेलं शिवायच्या, निखळलेलं चिकटवायच्या, बाहुलीचा गेलेला डोळा बरणीतल्या बटणांतून शोधून लावायच्या. ज्याला डोळा लावला त्याच्या गळ्यात बिल्ला आहे की नाही, इकडे त्यांचं लक्ष नसायचं.

असंच एक दिवस गाढव आलं.

मोज्याचं शिवलेलं, राखाडी, तळव्याएवढं गाढव. कान मोठे, चेहरा शहाणा. गळ्यात बिल्ला. आणि पाय तीन. मागच्या डाव्या पायाच्या जागी नुसती शिवण होती, तीही कच्ची, वेडीवाकडी. वन्संनी जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं. कुठल्या तरी काट्यात अडकून पाय गेला असणार, आणि कुणीतरी घाईत ते भोक शिवून टाकलं असणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. राखाडी कापड शोधलं, जुळेना. शेवटी ह्यांच्या कपाटातून एक मोजा उचलला. रंग अगदी तोच. कापूस भरून, आत तार घालून, असा पाय बसवला की गाढव टेबलावर चारी पायांवर ठाम उभं राहिलं. ह्यांनी दुसऱ्या दिवशी उरलेल्या मोज्याचा जोडीदार घरभर शोधला आणि शेवटी गाढवाच्या पायाकडे बघून शोध थांबवला.

वन्संनी फोटो काढला, गाढवाच्या नंबराखाली चढवला आणि खाली लिहिलं, "पाय बसवून दिला आहे. आता पळेल." मग ते डब्यात ठेवलं. दोन-चार दिवसांत एक ट्रक ड्रायव्हर, जो फरशा घेऊन गावोगाव फिरतो आणि थांब्यावर डबे शोधतो, ते घेऊन गेला.

गाढवाच्या मालकिणीचा फोन त्यानंतर आला. मी तेव्हा दुकानातच होते, डबा द्यायला गेले होते, जेवणाचा. वन्संनी हात मोकळे राहावेत म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

त्या बाई दुसऱ्या शहरात पोहायला शिकवायच्या. आवाज खणखणीत, तलावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल असा. त्यांनी शांतपणे विचारलं की गाढवाचं पान वाचलं होतं का. वन्सं म्हणाल्या, पान कसलं? बाई म्हणाल्या, प्रत्येक बिल्ल्याचं एक पान असतं, तुम्ही फोटो चढवलात तेच, त्याच्यावर सगळ्यात वर मालक लिहितो की ही वस्तू कशाला सोडली आहे.

वन्संनी मशीन थांबवलं.

बाईंनी मग थोडक्यात सांगितलं. अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याच्या वरून गेला. इस्पितळातून घरी आल्या, तेव्हा पोहायला येणाऱ्या मुलांनी बनवलेलं हे गाढव उशीजवळ ठेवलं होतं. चार पायांचं. त्यांनी कात्री मागवली, त्याचा एक पाय स्वतः कापला आणि पलंगावर बसून स्वतःच ती जागा शिवली. शिवणकाम त्यांना येत नाही. वर्षभराने त्याला बिल्ला बांधून सोडलं आणि पानावर लिहिलं, जिथे जिने असतील तिथे याला न्या आणि सगळ्यात वरच्या पायरीवर उभं करून फोटो काढा. लोकांनी नेलं. मनोरे, पूल, स्टेशनं. कुठेही ते तीन पायांवर जरा तिरकं उभं.

"तुम्ही चांगल्या मनाने केलंत हे मला कळतंय," बाई म्हणाल्या. "पण तो पाय माझा नाही."

वन्संनी समोरच्या बॅगेची चेन उगाच मागेपुढे केली. मग म्हणाल्या, "चूक माझी. न वाचता हात लावला. मीच उसवून देते."

बाई म्हणाल्या की राहू दे, आता ज्याच्या हाती जाईल त्याला सांगते, कापून टाकेल. त्यावर वन्सं एकदम ताठ झाल्या. "कात्री कुणाला लावू देऊ नका. आत तार आहे, आणि टाका माझा पक्का आहे. दुसऱ्याने ओढला तर पोट फाटेल. मी लावलाय, मीच काढणार."

पलीकडे बाई हसल्या असाव्यात. म्हणाल्या, बरं, पकडा त्याला.

त्या संध्याकाळी वन्संनी गाढवाचं पान पहिल्यापासून वाचलं. मी शेजारी बसले होते. एका फोटोत ते दीपगृहाच्या पायरीवर होतं, एकात पावसात भिजलेलं. वन्सं प्रत्येक फोटोत ती वेडीवाकडी शिवण मोठी करून बघत होत्या. सकाळी नेहमीसारख्या उठल्या, दुकानावर "आज बंद"ची पाटी लावली आणि मला म्हणाल्या, "चला, तुम्हाला डोंगर चढता येतो ना?"

ट्रक ड्रायव्हरने फोनवर सांगितलं होतं की गाढव टेकडीवरच्या घंटेच्या मनोऱ्याखाली ठेवलंय. आम्ही बसने गेलो. उतरल्यावर भरपूर चढ. डबा पटकन सापडला, दगडाच्या खोबणीत होता. आत गाढव नव्हतं. कुणीतरी घेऊन गेलं होतं आणि अजून कळवलं नव्हतं. मी दमून खाली बसले. वन्सं त्या डब्याच्या झाकणाकडे बघत होत्या. त्याची रबराची कड निघाली होती. त्यांचा हात पिशवीतल्या चिकटपट्टीकडे गेला, आणि परत आला. त्यांनी फोन काढून त्या डब्याच्या मालकाला विचारलं की कड निघालीये, मी चिकटवू का? तिथेच बसून वाट पाहिली. त्याचं "हो, उपकार होतील" आलं तेव्हाच पट्टी बाहेर निघाली. माझ्या संसारात त्यांनी परवानगी मागितलेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि तीही एका अनोळखी माणसाच्या डब्यासाठी.

गाढवाचा पत्ता पुढच्या आठवड्यात लागला. नवा फोटो आला. एका उंच धरणाच्या जिन्यावर गाढव उभं, चारी पायांवर, छाती काढून. खाली लिहिलेलं, "चार पायांमुळे भराभर चढलं." वन्संनी डोळे मिटून घेतले. बाईंनीही तो फोटो पाहिला असणार.

फोटो टाकणारे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. वन्संनी फोन करून सगळं सांगितलं, मी येते आणि गाढव घेते म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं आणि सरळ नकार दिला. गाढव तुमचं नाही, माझंही नाही, म्हणाले. मालकिणीने सांगितल्याशिवाय मी ते कुणाच्या हातात देणार नाही, आणि टाका काढणं तर दूरच. एरवी वन्संनी त्यांना सुनावलं असतं. या वेळी फोन ठेवून म्हणाल्या, "माणूस बरोबर आहे." बाईंनी मुख्याध्यापकांना फोन केला, आणि मग त्यांनी आम्हाला वेळ दिली, घरचा पत्ता दिला, आणि वेळेवर या असंही बजावलं.

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरलेला होता. वर मधोमध गाढव. मुख्याध्यापक खुर्ची ओढून समोर बसले, परीक्षेला बसलेल्या मुलावर नजर ठेवावी तसे. वन्संनी बारीक पात्याची सुरी काढली, दिवा जवळ घेतला आणि आपलाच टाका एकेक करून तोडायला लागल्या. एकदाही खेचलं नाही. तार निघाली, पाय सुटला, आणि खाली ती जुनी शिवण दिसली. वन्सं वाकल्या. बाईंच्या त्या शिवणीचा एक टाका विरला होता आणि कापूस बाहेर डोकावत होता. तसंच सोडलं तर पुढच्या दोन-तीन प्रवासांत पोट रिकामं झालं असतं.

सुरी खाली ठेवून त्यांनी बाईंना फोन लावला.

"पाय काढला," त्या म्हणाल्या. "तुमची शिवण सुटत आलीये. मी बदलणार नाही. पण तिच्यावर दोन टाके घालू का?"

बाईंनी विचारलं, "दिसतील?"

"राखाडी दोऱ्याने घातले तर नाही दिसणार."

"मग लाल दोरा घ्या," बाई म्हणाल्या. "दिसू देत."

वन्संकडे लाल दोरा नव्हता. मुख्याध्यापक उठले आणि आतून बायकोच्या शिवणाच्या डब्यातलं एक लाल रीळ घेऊन आले. वन्संनी दोनच टाके घातले, जुन्या टाक्यांच्या वळणानेच, तेवढेच वाकडे. त्यांच्यासारखा हात मुद्दाम वाकडं शिवताना बघणं सोपं नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. गाढव उभं केलं. तिरकं झालं, पण राहिलं.

सुटलेल्या पायाचं काय करायचं, यावर मग वाद झाला. मुख्याध्यापकांचं म्हणणं, एकदा जोडला गेला म्हणजे तो मालकिणीचा. वन्संचं म्हणणं, परवानगीशिवाय जोडला म्हणून तो कधी तिचा झालाच नाही. पुन्हा फोन करावा लागला. बाई म्हणाल्या, ज्याचा मोजा आहे त्याला द्या. घरी आल्यावर तो पाय ह्यांनी घेतला आणि गाडीच्या किल्लीला अडकवला.

त्यानंतर दुकानात एक फळी वाढली. बिल्लेवाल्या वस्तू आता लांबून लांबून येतात. कुणाच्या अस्वलाची मान लुळी पडलेली, कुणाच्या छोट्या आगगाडीचं चाक निघालेलं. ज्याला ती सापडते तो ती आणून देतो, आणि वन्सं आधी तिचं पान वाचतात, मग मालकाला विचारतात. काय करू आणि काय नको करू, दोन्ही विचारतात. एकाने कळवलं की माझ्या पत्र्याच्या बोटीवरचा गंज काढू नका, तो समुद्राचा आहे. वन्संनी नाक मुरडलं, पण काढला नाही. फक्त तिची तुटकी साखळी बदलली. काही मालक उत्तरच देत नाहीत. त्यांच्या वस्तू वन्सं नुसत्या झटकून, कोरड्या करून पुढे पाठवतात. त्याचा त्यांना त्रास होतो, हे मला दिसतं.

पोहायला शिकवणाऱ्या बाई यंदाच्या उन्हाळ्यात स्वतः आल्या. त्यांच्या कृत्रिम पायाची पिशवी शिवून हवी होती, ओली झाली तरी चालेल अशी. स्टुलावर बसल्या तर एकच गुडघा मशीनला टेकला. तो पाय काढून त्यांनी आधीच मापासाठी वन्संच्या हातात दिला होता. दोघी दुपारभर बोलत बसल्या. वन्संच्या दुकानात कुणी एवढा वेळ बसल्याचं मला आठवत नाही. बोलता बोलता तळ्यातल्या खडकाचा विषय निघाला. गावाबाहेरच्या तळ्याच्या मधोमध एक खडक आहे आणि त्याच्यावर एक डबा आहे. मालकाचा पत्ता नाही. पोहून जाणारे कळवतात की झाकण उघडं पडलंय, आतल्या वस्तू सडतायत. होडीवाला पूर्वी होता, आता नाही. वन्संनी तो डबा संकेतस्थळाकडे नावावर मागितला होता आणि मिळालाही होता, पण तिथे जाणार कसं? त्यांना पाण्याची भीती. लहानपणापासून घोट्याच्या वर पाण्यात गेलेल्या नाहीत.

बाई म्हणाल्या, "डबा तुमचा आहे ना? मग कुणाला पाठवणार?"

झालं. बाई दोन महिने दर आठवड्याला येत राहिल्या. वन्सं पहिल्या दिवशी गावातल्या पोहण्याच्या तलावाच्या कठड्याला अशा धरून होत्या की बोटं सोडवावी लागली. ह्यांनी थट्टा केली, वय काय, हौस काय. वन्संनी सांगितलं की तू तुझे मोजे सांभाळ. हळूहळू कठडा सुटला. मग बाई एका पायाने पुढे आणि वन्सं दोन पायांनी मागे, पाणी उडवत, अशा जायला लागल्या. बाई ओरडून सांगायच्या की पाय मारू नका, पाय सोडा, पाणी धरतं. वन्संना न करण्याचं काम शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

परवा वन्सं तळ्यावर गेल्या. मी काठावर टॉवेल घेऊन उभी. कमरेला पाणी न जाणारी पिशवी बांधलेली, आत नवं झाकण, कोरडे कागद आणि रबराची कड. बाई त्यांच्या बाजूने पोहत होत्या, पण हाताच्या अंतरावर, हात न लावता. मधे एकदा वन्सं थांबल्यासारख्या वाटल्या आणि मी पाण्याच्या कडेपर्यंत पुढे झाले. मग दिसलं, त्या पाठीवर झोपून विसावा घेत होत्या, शिकवलं होतं तसा. थोड्या वेळाने त्यांनी खडकाला हात घातला, वर चढल्या, आणि ओल्या कपड्यांनीच वाकून डबा शोधायला लागल्या. वारा होता, त्यामुळे शब्द नीट ऐकू आले नाहीत. पण डबा ठेवणाऱ्याला त्या तिथूनच फैलावर घेत होत्या, एवढं मला काठावरून कळत होतं.